शनिवारचं लोखंड

सातपाणी पाडा, ता. शिरपूर
६ सप्टेंबर

ती. राजकुंवर काकीजींना हेमलताचा साष्टांग नमस्कार.

हेमलता कोण, असं म्हणाल म्हणून आधीच सांगते. धरणगावात तुमच्या कापसाच्या जिनिंगच्या मागे राहणाऱ्या तोताराम मास्तरांची मुलगी. ताटातलं कारलं संपेपर्यंत जिला तुम्ही पाटावरून उठू देत नव्हता, तीच. कारलं अजून आवडत नाही.

मी सध्या सातपुड्याच्या पायथ्याशी या पाड्यावर मुलांसाठी वसतिगृह बांधतेय. बांधतेय म्हणजे पाडाच बांधतो, मी नुसती ओरडते. इथली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती पार होळीलाच परततात. लहान पोरं सोबत जातात आणि त्यांची शाळा तिथेच संपते. मुलं मागे ठेवायला हक्काचं घर असावं म्हणून हा खटाटोप. पोरांच्या आयांची तयारी आहे, बापांना मात्र डोळ्यांनी दिसायला हवं. आमचा बिजला पावरा तर सरळ म्हणाला, "बाई, छप्पर दिसनं तं पोर ठेवसू. नही दिसनं तं संगे लई जासू." त्याची शीतल चौथीत आहे. पाड्यावर आलेलं औषधाचं पाकीटसुद्धा सगळे तिच्याकडूनच वाचून घेतात. ती उसाच्या फडात गेली तर माझी इथली पाच वर्षं पाण्यात गेली असं मी समजेन.

आता अडचण. ऑगस्टच्या पुरात आमच्या रस्त्यावरचा पूल वाहून गेला. छपराचे पत्रे आधीच पोचले होते, पण ते बसवायचे हुक, खिडक्या-दारांचं सामान, वायर, दिवे, सगळं पलीकडे राहिलं. आता मध्य प्रदेशातून सेंधव्याकडून वळसा घालून यावं लागतं. त्या घाटात दरड कोसळलीय, मालाच्या गाड्या बंद आहेत. हे पत्रही त्याच वाटेने कुणाकुणाच्या खिशातून येतंय. फोनचा टॉवर पुरापासून मुका आहे.

पण देवाला दया आली. नाशिककडे काही हौशी वैमानिक आहेत. स्वतःच्या सुट्टीत, स्वतःच्या खर्चाने छोटी विमानं उडवतात आणि रिकामं उडण्यापेक्षा मुलांच्या अशा बांधकामांना सामान पोचवतात. आमच्यापासून कोसभरावर बंद सूतगिरणीची जुनी धावपट्टी आहे, तिची परवानगी मिळाली. ते शनिवारी जळगावला उतरतील, सामान घेतील आणि इथे येतील. फक्त जळगावात कुणीतरी सामान जमवून, खोकी बांधून, वजन करून ठेवायला हवं. विमान लहान आहे, वजनात फरक चालत नाही.

वजन म्हटल्यावर मला तुमचं गोदाम आठवलं. कराल का एवढं?

तुमची,
हेमलता

* * *

जळगाव
१२ सप्टेंबर

चि. हेमलता हिला राजकुंवरचे भरभरून आशीर्वाद. जय जिनेंद्र.

कारलं आवडत नाही म्हणजे मी वाढलेलं कमी पडलं. भेटलीस की पुन्हा सुरुवात करू.

काम घेतलं. गोदामात एक कोपरा रिकामा केलाय आणि कापसाचा काटा पुसून ठेवलाय. झुलाल आठवतो ना, आपला जुना माणूस? तो टेंपोने खोकी विमानतळावर नेईल आणि तुझी पत्रं परत आणेल. तो माझ्यावर रागावलाय. म्हणतो, "शेठाणी, विमान इतलंसं शे, त्याम्हान तुम्ही काय काय कोंबशात?" मी म्हटलं, तू काटा बघ, कोंबायचं मी बघते.

तुझ्या काकाजींना सांगितलं तर त्यांनी पेपर डोळ्यांसमोरून खाली न घेता "चांगलं काम आहे" म्हटलं. एवढ्या पटकन हो म्हणणारा हा माणूस नव्हे, पण वय झालं की माणसं मऊ होतात.

मला मात्र विमानाचं नाव काढलेलं चालत नाही. आमची विधी, माझी नात, तीन वर्षांपूर्वी विमान शिकायचं खूळ घेऊन बसली होती. मी फक्त दुधाचा चहा सोडला. म्हटलं, तू खाली उतरलीस की मी कप हातात घेईन. काळा चहा किती वाईट लागतो ते तुला सांगत नाही. शेवटी पोरगी आली, "दादी, सोडलं मी उडणं" म्हणाली, आणि नाशिकला कुठल्याशा विमान ऑफिसात टेबलावर बसली. त्या दिवशी मी लागोपाठ दोन कप चहा प्यायले.

तर आता ते कॅप्टन कोण आहेत ते लिही. वय काय, घरचे कोण, कांदा-लसूण खातात का? दुसऱ्याचं लेकरू आपल्या खोक्यांसाठी आभाळात जाणार, त्याच्या पोटाला काही नको? सोबत सुखडीचा डबा देतेय, त्यांच्यासाठी वेगळा, तुमच्यासाठी वेगळा. वजनात धरलाय, घाबरू नकोस. पहिल्या खेपेला बिजागऱ्या, कड्या आणि खिडक्यांचे गज आहेत.

तुझी,
काकीजी

* * *

सातपाणी पाडा
२० सप्टेंबर

ती. काकीजी,

विमान आलं! पाडा अजून जमिनीवर आलेला नाही.

सकाळपासून धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलत होतो. आवाज आला तसं शंभर माणसांनी एकदम वर बघितलं. बिजलाची आई दिवालीबाई पहिल्यांदा चपला काढून उभी राहिली, मग विमान खाली आल्यावर म्हणाली, "इतलंसं? मी समजनू मोठं ऱ्हाई." पोरांनी चाकांना हात लावला, पंखाखालच्या सावलीत बसून घेतलं. शीतलने शेपटीवर लिहिलेली अक्षरं मोठ्याने वाचली आणि मान ताठ करून घरी गेली.

कॅप्टन उतरले, चष्मा काढला, आणि मी बघतच राहिले. म्हणजे, किती साधं माणूस! आल्या आल्या स्वतः खोकी उतरवायला लागले. दिवालीबाईने ज्वारीची भाकर आणि तिखट चटणी दिली, ती डोळ्यांतून पाणी काढत संपवली. तुमची सुखडी मात्र डब्याला पाठ करून एकट्याने खाल्ली, कुणाला वास लागू दिला नाही. कांदा-लसूण खात नाहीत. वयाने फार नाहीत. घरचे चांगले आहेत. बाकी मी फारसं विचारलं नाही.

खिडक्यांना गज बसले. भिंती आता खांद्याच्या वर आल्यात. इथे एकाचं घर सगळे मिळून उभं करतात, ज्याचं घर त्याने फक्त जेवायला घालायचं. आमच्या वसतिगृहाला घरमालक नाही म्हणून रोज एकेक चूल जेवण घालते. सगळं छान चाललंय, तुम्ही कसलीच काळजी करू नका. कॅप्टननी डबा परत दिलाय, धुऊन, फडक्यात बांधून.

तुमची,
हेमलता

* * *

जळगाव
२ ऑक्टोबर, दसरा

चि. हेमलता,

सोनं घे, सोन्यासारखी राहा.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. कांदा-लसूण खात नाहीत, घरचे चांगले, वय फार नाही, कष्टाला मागे नाहीत, आणि डबा धुऊन परत देतात. अगं, असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी सापडेल का?

मी स्पष्टच लिहिते. आमच्या विधीसाठी बघायला लागलोय. ती सगळ्यांना नाकं मुरडते. एक बोलतो जास्त, दुसऱ्याची मिशी नको. मला वाटतं हे कॅप्टन तिला शोभतील. ती विमानाच्या ऑफिसात, ते विमानात. ती टेबलावरून सांगेल, ते वर ऐकतील, संसार सुरळीत. तू फक्त त्यांच्या कानावर घाल. म्हणावं, जळगावची एक मुलगी आहे, उंच, गव्हाळ, थोडी हट्टी. लहानपणी गच्चीच्या कठड्यावरून चालायची, आता सुधारली आहे. फोटो पाठवू का?

काकाजींना विचारलं तर त्यांना एकदम खोकला आला. पाणी दिलं तेव्हा थांबला.

या खेपेला वायर, बल्ब, रंगाचे डबे. दिवे सोलरचे आहेत, काचा सांभाळून उतरवायला कॅप्टनना सांग. त्यांना मठरी दिलीय. आणि पत्र्यांचे ते हुक कधीपर्यंत हवेत, लिही.

तुझी,
काकीजी

* * *

सातपाणी पाडा
४ ऑक्टोबर

ती. काकीजी,

कॅप्टनच्या कानावर घातलं. त्यांना मठरीचा तुकडा घशात अडकला, मला पाठ थोपटावी लागली.

त्यांचं म्हणणं असं की, मुलगी चांगलीच असणार, पण त्यांच्या मनात सध्या लग्न नाही. आणि काकीजी, खरं सांगू, ती जोडी जमणारी नाही. दोघांचे स्वभाव फार सारखे आहेत. एकाच घरात दोन हट्टी माणसं कशाला? फोटो तर मुळीच पाठवू नका, विनाकारण शोभा होईल. काकाजींच्या खोकल्याला ज्येष्ठमध द्या.

भिंती झाल्या! चार दिवसांपूर्वी वरच्या लाकडी वाशांना हळद-कुंकू लागलं. बायका लिंपण करतायत. शीतलने आतल्या भिंतीवर आपली झोपायची जागा ठरवून तिथे बोटाने नाव ओढलंय. ओल्या मातीतच ओढलं, आता ते तसंच राहील.

हुकांचं म्हणाल तर दिवाळीच्या आसपास आले की झालं. तशी घाई नाही. तुम्ही आधीच इतकं करताय, हुकांसाठी धावपळ करू नका.

तुमची,
हेमलता

* * *

जळगाव
१६ ऑक्टोबर

चि. हेमलता,

बरं, लग्नाचं राहू दे. तू म्हणतेस तर दोघांचे स्वभाव सारखेच असतील.

हुक आणलेत, सोबत रबरी वायसर. एका खोक्यात मावले. जड आहेत पण. आता दिवाळी आली म्हणून या शनिवारी खेप नाही, हे झुलालने सांगितलं. पंचवीस तारखेला येतील म्हणाला. हे पत्र सेंधव्याच्या वाटेने धाडतेय.

दिवाळीचं फराळाचं करतेय. या वर्षी मी पुन्हा दुधाचा चहा सोडलाय. कारण विचारू नकोस. विधी दिवाळीला येणार आहे. तिच्यासमोर काळा चहा कसा प्यायचा त्याचा विचार चाललाय, पोरगी लगेच ओळखेल.

एक सांग. तुझे कॅप्टन उतरताना विमान हलतं का गं? पंख खालीवर होतात का? तू जवळून बघतेस म्हणून विचारलं.

तुझी,
काकीजी

* * *

धावपट्टीवरून
शनिवार, २५ ऑक्टोबर

काकीजी,

पंखाखाली बसून पेन्सिलीने लिहितेय, अक्षर माफ करा.

पाड्यातली सगळी माणसं आज सकाळपासून वाशांवर चढून बसली होती. पत्रे खाली रांगेत, शिड्या लावलेल्या. विमान आलं. "छपराचे हुक" लिहिलेलं खोकं चौघांनी बैलगाडीत ठेवलं, पोरं नाचत पुढे. बिजलाने सुतळी कापली.

आत बेसनाचे लाडू.

काकीजी, तळापर्यंत लाडू! बिजलाने एक उचलला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "बाई, हाई काय शे? लाडूसवर पत्रा टिकी का?" आणि वर तुमची चिठ्ठी: "आज शनिवार. शनिवारी आमच्या घरातून लोखंड बाहेर जात नाही. पुढच्या खेपेला. वजन हुकांइतकंच भरलंय."

मी आधी हसले आणि मग रडले. दिवालीबाई म्हणाली, "पहिले खाई ल्या. रडाले बठ्ठा दिन शे." रडायला अख्खा दिवस होताच, पण पोरांनी तेवढ्यात अर्धं खोकं रिकामं केलं होतं.

आता मी तुम्हाला लपवलेलं सांगते, चूक माझीच आहे. "घाई नाही" लिहिलं ते खोटं होतं. तुम्हाला या वयात घोर नको म्हणून मी सगळं गोड गोड लिहीत राहिले. खरं असं की घाट आता रिकाम्या गाड्यांना उघडलाय आणि ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक सोमवारी सकाळी येतोय. बिजला आणि बाकीचे त्याला दिवाळीपासून आज-उद्या करत थांबवून आहेत, आता तो थांबणार नाही. त्याच्या आत छप्पर पडलं नाही तर मुलं ट्रकमध्ये बसतील. पुढची खेप दोन आठवड्यांनी. लोक वाशांवरून उतरलेत. शीतलने लाडूसुद्धा खाल्ला नाही. घरी गेली आणि आपले कपडे बोचक्यात बांधायला लागली.

काकीजी, पहिल्या खेपेला शनिवारीच बिजागऱ्या पाठवल्या होत्यात ना? आणि गज? ते लोखंडाचे नव्हते का?

कॅप्टन म्हणतायत आत्ताच निघते, म्हणजे निघतो, उजेड आहे तोवर जळगाव गाठायचंय. हे पत्र त्या स्वतः तुमच्या हातात देणार आहेत. आता काहीच लपवायचं नाही, असं ठरलंय आमचं.

हेमलता

* * *

जळगाव
२८ ऑक्टोबर

चि. हेमलता,

रविवारी तुझ्याकडे येऊन गेले, तुझ्या पोरांच्या हातात हुक दिले, पण त्या गोंधळात बोलणं झालंच नाही. निम्मा पत्रा बाकी असताना विधीने ओढत विमानात बसवलं, अंधारात उडता येत नाही म्हणे. म्हणून आता सगळं लिहिते.

शनिवारी संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यावं म्हणून मी ताट वाढून बसले होते. दारात विधी. केसांत माती, हातात तुझं पत्र. मी म्हटलं, "पत्र कुणी आणलं?"

"कॅप्टनने आणलं, दादी."

"कॅप्टन जेवला का?"

"नाही."

"मग बस. आधी जेव."

तिने घास घेतला आणि एकदम रडायला लागली. "तुला माहीत होतं?"

मला माहीत होतं, हेमलता. तुझं पहिल्या खेपेचं पत्र आणि तो डबा हातात आला त्याच दिवशी कळलं. आमच्या घरात डब्याच्या फडक्याला एक गाठ मारतात. दोन कान वर आणि शेपूट आत खोचलेलं, म्हणजे लहान पोराला एका हाताने सुटते. मला ती माझ्या सासूने शिकवली, मी विधीला शाळेच्या डब्यासाठी शिकवली. जगात तिसरं कुणी ती गाठ मारत नाही. झुलालने डबा पुढे ठेवला आणि मी ती गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली.

मग लग्नाचं लिहिलं ते? अगं, तुम्ही दोघी मला बनवत होतात आणि तुझे काकाजी पेपरामागे आणि झुलाल टेंपोमागे लपून सामील होते. मी थोडी गंमत करायची नाही? तिला मठरी अडकली हे वाचून मी अख्खा दिवस हसले.

पण हसताना आत काय चाललं होतं ते तुला सांगते, तू विचारलंस म्हणून. हो, पहिल्या खेपेला गज गेले, बिजागऱ्या गेल्या, शनिवारीच गेल्या. मला तेव्हा शनिवार आठवला नाही. कॅप्टन परका होता. गाठ बघितल्यावर मात्र सासूबाईंचे सगळे नियम एकदम आठवले. लोखंड, शनिवार आणि माझी विधी, तिन्ही एका विमानात माझ्याने चढवेनात. म्हणून हुक काढून ठेवले, लाडू भरले. खोक्यावर आधीच लिहिलेलं नाव खोडायला हात धजेना. वजन मात्र चोख केलं, तिच्या विमानाला धक्का नको. शेजाऱ्याच्या पोराला जे चाललं ते आपल्या पोरीला चालेना, हे मला तुझ्या पेन्सिलीच्या अक्षरांनी दाखवलं. संवत्सरीला आम्ही मिच्छामि दुक्कडम् म्हणून सगळ्यांची माफी मागतो. या वर्षी दुसऱ्यांदा म्हणते, तुझ्या शीतलला आणि तिच्या बापाला सांग.

रात्री झोप कसली लागते. सकाळी विधी म्हणाली, "दादी, आज रविवार आहे, आता तरी लोखंड देशील?" मी म्हटलं, "देते. पण मीही येणार."

ती म्हणाली, "मग वजन करावं लागेल."

तर हेमलता, जिने आयुष्यभर दुसऱ्यांचा कापूस तोलला, ती राजकुंवर स्वतः काट्यावर उभी राहिली. झुलालने आकडा एवढ्या मोठ्याने वाचला की अर्ध्या बाजाराने ऐकला. वर म्हणतो, "शेठाणी, तुमनापेक्षा हुक हलका शेतस." काकाजींनी पेपर वर घेतला, पण खांदे हलत होते.

वर गेल्यावर मी डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत होते. किती वेळा म्हटला आठवत नाही. मग ही छोरी म्हणाली, "दादी, मागे वळून उजवीकडे बघ, तिकडे तुझं सावदा." माहेरचं नाव घेतल्यावर डोळे कसे मिटून ठेवणार? भुसावळकडच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसल्या, तापी दिसली, आणि पलीकडे सगळी हिरवी केळीच होती, दुसरं काही नाही. लहानपणी त्या बागांमधून चालताना वाटायचं, याला शेवटच नाही. वरून बघितलं तर शेवट होता, आणि त्याच्यापुढे डोंगर होता. विमान हललं, दोनदा. मी विधीचा हात बघत होते. तो हलला नाही.

आणि तुमच्या दिवालीबाईने पितळीत चहा दिला. दूध घातलेला, गूळ घातलेला. मी पोरीकडे बघितलं, ती शिडीवरच्या बिजलाला पत्रा कसा धरायचा ते सांगत होती आणि तो तिचं ऐकत होता. प्यायले मी तो. कुणाच्या घरचा, कसा गाळला, काही विचारलं नाही.

पण पुढे काय झालं? छप्पर झालं का? सोमवारी ट्रक आला का? जीव टांगणीला आहे. या वेळी गोड गोड लिहू नकोस, जे घडलं ते लिही.

तुझी,
काकीजी

* * *

सातपाणी पाडा
१ नोव्हेंबर

ती. काकीजी,

जे घडलं तेच लिहिते, पण ते गोडच आहे, त्याला मी काय करू?

तुमचं विमान डोंगराआड गेलं आणि दिवस मावळायला आला. तोवर फक्त शेवटची रांग राहिली होती. पोरांनी खालून वर हात लावून हुक पोचवले, बायकांनी वायसर ओवून दिले. अंधार पडला तेव्हा वरून बिजलाची हाक आली, "आनखी एक!" आणि तोच शेवटचा होता. शनिवारच्या खोक्यात एक लाडू सापडला, कोपऱ्यात अडकून राहिलेला. तो त्याला वर पाठवला.

सोमवारी ट्रक आला. मुकादम हॉर्न वाजवत होता. बिजला आधी छपरावर चढला. इकडून तिकडे चालला, उड्या मारल्या, पत्र्याच्या कडेला लोंबकळून बघितलं. मग खाली उतरून शीतलचं बोचकं उचललं. मी ट्रककडे बघितलं. तो आत गेला आणि भिंतीवर तिचं नाव होतं त्याच्याखाली ते ठेवलं. "ही जागा ना?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. एवढंच. ट्रक निघाला तेव्हा तो मागच्या फळीवर उभा होता, पाड्याकडे तोंड करून. शीतल शेवटपर्यंत हात हलवत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मला रडू येतंय पण मला जायचं नाहीये." मला कळलं गं म्हटलं, आणि दोघी रडलो, आणि मग दिवालीबाईने जेवायला बोलावलं.

काकीजी, एकही पोर ट्रकमध्ये गेलं नाही. बापांनी वळून वळून छपराकडे बघितलं असेल, पण पोरं इथेच आहेत. आत्ता, मी लिहीत असताना, सगळी नव्या पत्र्यावर दगड टाकून आवाज काढतायत. मी ओरडून दमले.

विधी आज ठरलेली खेप नसताना मधेच आली. पोरं तिला कॅप्टन आक्का म्हणतात. तिने विचारलं, वसतिगृहात आणखी काय हवं? मला वाटलं पाटी-पुस्तकं म्हणतील. एका सुरात म्हणाले, झोका. समोरच्या महूच्या झाडाला. दोर बांधला तर दोन दिवसांत झिजतो.

काय करायचं ते तुम्हीच ठरवा. मी "घाई नाही" असं मुळीच म्हणणार नाही. फार घाई आहे.

तुमची,
हेमलता

ता. क. शीतल विचारते, लाडू पुन्हा चुकून येणार आहेत का?

* * *

जळगाव
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चि. हेमलता आणि तिच्या सगळ्या पोरांना आशीर्वाद.

पत्र वाचून झुलाललाही वाचून दाखवलं. तो नाक पुसत गोदामात गेला आणि उगाच काटा पुसत बसला.

शीतलला सांग, लाडू या वेळी चुकून नाही, मुद्दाम येतायत. डब्यावर नाव लाडूच लिहिलंय.

दुसरं खोकं झोक्याचं आहे. दोन साखळ्या, चार कड्या, बसायला सागाची फळी. साखळी मी स्वतः ओढून बघितली, झुलाल लोंबकळला, काकाजींनाही लोंबकळायला लावलं. तुटत नाही. झाडाला बांधताना खाली गोणपाटाची घडी ठेवा, नाहीतर सालीला लागेल.

विधी आत्ताच आली आहे. शेजारी बसून दुधाचा चहा पितेय, मीही पितेय. उद्या सकाळी ती निघेल. उद्या शनिवार आहे हे मला माहीत आहे. साखळ्या लोखंडाच्याच आहेत, आणि खोकं मीच बांधलंय. फडक्याची गाठ बघ, एका हाताने सुटेल.

तुझी,
काकीजी